निर्वासितांची छावणी आणि आपण

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीनं आम्हाला विषय विचारला तेव्हा मंडळींना वाटलं असेल, राईस मिलमधला कामगार माणूस आहे, हमालीवर नाहीतर मजुरीवर बोलेल. आम्ही म्हटलं, निर्वासितांच्या छावण्यांवर बोलतो. दोघे-तिघे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. एकोडीत कुठं आले जी निर्वासित? म्हणून पहिल्यांदा तेच सांगतो. साकोलीहून नवेगावबांधच्या रस्त्यानं अर्जुनी मोरगाव तालुक्यात शिरलं की दोन तऱ्हेच्या वस्त्या लागतात. एक बंगाली लोकांच्या, अरुणनगर, गौरनगर वगैरे. दुसरी गोठणगावजवळ तिबेटी लोकांची, १९७२ सालची, तिचं तिबेटी नाव नॉर्गेलिंग. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा निघाला, त्याआधी हे सगळं आपल्याच भंडारा जिल्ह्यात होतं. आजही आपण या गावांना नावानं हाक मारत नाही. 'बंगाली कॅम्प' म्हणतो, 'तिबेटी कॅम्प' म्हणतो. घरं पक्की झाली, नातवंडं कॉलेजात गेली, तरी कॅम्प तो कॅम्पच. पन्नास वर्षं एका जागी राहून ज्याच्या गावाला गावपण मिळत नाही, त्या माणसाचं काय होत असेल, याचा विचार आपण केला पाहिजे.

आणि आपल्याकडे बोलतात काय? धानाच्या गाडीवर बसून आम्ही कितीदा ऐकलं, "ह्या कॅम्पवाल्यायले सरकारनं सगळं फुकट देल्लं." हेच वाक्य आपल्या पोरांच्या स्कॉलरशिपबद्दल कोणी बोललं की आपल्या अंगाचा तिळपापड होतो. दुसऱ्याबद्दल बोलताना मात्र आपली जीभ अडखळत नाही.

तर हे बंगाली लोक कोण? पूर्व बंगालातून आलेल्या आणि दंडकारण्याकडे पाठवल्या गेलेल्या या निर्वासितांत सर्वांत मोठी संख्या नमःशूद्र समाजाची. नमःशूद्र म्हणजे बंगालातले अस्पृश्य. नदीकाठचे शेतकरी, होड्या चालवणारे, मासे धरणारे. इंग्रजांच्या खानेसुमारीत त्यांना 'चांडाळ' लिहीत असत. ते नाव काढून टाका म्हणून हा समाज झगडला आणि १९११ च्या खानेसुमारीत ते निघालं. हरिचांद ठाकूर आणि त्यांचे चिरंजीव गुरुचांद ठाकूर यांनी त्यांच्यात जागृती केली. गुरुचांदांनी तर शाळा काढण्याचाच सपाटा लावला. आपल्याकडे जोतिबांनी जे केलं त्याच्याशी ताडून पाहा.

या लोकांचं आपल्यावर एक ऋण आहे आणि ते आपल्यातल्या पुष्कळांना माहीत नाही. १९४६ साली घटना समितीच्या निवडणुका झाल्या. मुंबई प्रांतातून बाबासाहेबांना निवडून येण्याची वाट बंद करून ठेवलेली. तेव्हा बंगालच्या विधिमंडळातले जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्यासोबतचे अनुसूचित जातींचे आमदार उभे राहिले आणि त्यांनी बाबासाहेबांना बंगालातून घटना समितीत पाठवलं. हे जोगेंद्रनाथ बरिसालचे, नमःशूद्र. पुढे फाळणी झाली, बंगालचे दोन तुकडे झाले, ती जागा गेली आणि जुलै १९४७ मध्ये बाबासाहेब मुंबईतून पुन्हा निवडून आले. पण पहिलं दार उघडलं ते बंगाल्यांनी. आपण घटनेची मिरवणूक काढतो, रथावर पुस्तक ठेवतो. ज्यांनी ते दार उघडलं, त्यांचीच माणसं पुढे छावणीच्या दोरीत अडकली.

फाळणीच्या वेळी निर्वासितांचं दुःख सगळ्यांनाच भोगावं लागलं, हे खरं. पण दुःखातही जात सुटली नाही. डिसेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिलं. तेव्हा ते स्वतः कायदेमंत्री. पत्रात दोन गोष्टी होत्या. एक, पाकिस्तान सरकार अनुसूचित जातींच्या लोकांना तिथून निघू देत नाही. ते गेले तर सफाईची आणि इतर हलकी कामं करणार कोण, म्हणून त्यांना अत्यावश्यक सेवेत धरून अडवून ठेवलं आहे. दुसरी गोष्ट आपल्या बाजूची. इकडे पूर्व पंजाबात जे येऊन पोचले, त्यांना धान्य-कपडा मिळायचा तर छावणीत राहणाऱ्यालाच मिळेल असा नियम. आणि छावणीवरचे अधिकारी अस्पृश्य निर्वासितांशी भेदभाव करतात, म्हणून ते छावणीत राहू शकत नाहीत. म्हणजे तिकडे पाय बांधलेले आणि इकडे दार बंद. छावणीचा कारभार कसा चालतो हे आमच्या डोक्यात या पत्रानं जेवढं शिरलं, तेवढं दुसऱ्या कशानं शिरलं नाही.

जोगेंद्रनाथ मंडल पाकिस्तानचे पहिले कायदेमंत्री झाले होते. आपल्या माणसांवरचे अत्याचार थांबत नाहीत हे पाहून ऑक्टोबर १९५० मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि ते कलकत्त्याला आले. त्याच साली आणि त्यानंतर लाटेमागून लाट आली. आता इथं एक भेद नीट लक्षात घ्या. पहिल्या लाटेत आलेल्या वरच्या जातींच्या, शिकलेल्या लोकांचे कलकत्त्यात सोयरेधायरे होते, नोकरीत ओळखी होत्या. त्यांनी शहराच्या कडेच्या मोकळ्या जमिनी धरल्या, कॉलन्या उभ्या केल्या आणि पुढे सरकारनं त्या कायम केल्या. त्यांनाही लाठ्या खाव्या लागल्या, ते आम्ही नाकारत नाही. पण नमःशूद्र शेतकऱ्याचं कलकत्त्यात कोण? तो सरकारी छावणीत गेला. तिथं रोख पैसे आणि धान्य मिळे, त्याला 'डोल' म्हणत. विधवा, म्हातारे, अपंग यांच्या छावण्यांना सरकारी कागदात काय नाव होतं ठाऊक आहे? 'पर्मनंट लायबिलिटी', म्हणजे कायमचा बोजा. माणसाला बोजा म्हणायचं आणि ते नाव छावणीच्या पाटीवर लावायचं!

डोल म्हणजे काय हे मिलमधल्या माणसाला लवकर समजते. आमच्याकडे हंगामात बाहेरून मजूर आणतात. येण्याआधीच घरी उचल दिलेली असते. मग तो मिलच्या आवारातल्या शेडमध्ये राहतो, रात्री गेट लागते, बाजाराला जायचं तरी मुकादमाला विचारून. त्याच्या पायात बेडी नाही, पण तो निघू शकत नाही, कारण निघाला की उचल अंगावर येते. छावणीतल्या डोलचं गणित हेच. खायला देतो, पण आम्ही म्हणू तिथंच राहा. दुसरीकडे पाऊल टाकलं की खाणं बंद.

१९५८ मध्ये दंडकारण्य प्रकल्प सुरू झाला. कोरापूट, कालाहंडी आणि बस्तरचं रान साफ करून तिथं बंगालातले निर्वासित वसवायचे. बंगालातल्या छावण्या बंद करायचं ठरलं आणि लोकांसमोर दोनच वाटा ठेवल्या. दंडकारण्यात जा, नाहीतर सहा महिन्यांचा डोल एकदम घ्या आणि चालते व्हा. लोकांनी सत्याग्रह केले, जोगेंद्रनाथही त्यांच्यासोबत होते. शेवटी पोटासाठी पुष्कळांना जावंच लागलं.

या प्रकल्पाच्या वाटेवर माना होतं. माना रायपूरजवळ. आपल्या साकोलीवरून जो मोठा रस्ता पूर्वेला जातो, त्याच रस्त्यानं पुढे गेलं की रायपूर येते. १९६४ मध्ये पूर्व पाकिस्तानात दंगली झाल्यावर जे लोंढे आले, त्यांना रेल्वेनं मानाच्या छावणीत आणलं. नावाला ती तात्पुरती छावणी, दुसरीकडे धाडेपर्यंतची. पण कित्येकांची तिथं वर्षंच्या वर्षं गेली. नदीच्या पाण्यावर वाढलेली माणसं, माळावरच्या तंबूत. ज्यांना जागा मिळाली त्यांचं तरी काय? धान पिकवणाऱ्या माणसाला जमिनीची पारख असते. आपल्या इथला म्हाताराही ढेकूळ हातात घेऊन सांगते, ही बांधी रोवणीची आहे की नाही. दंडकारण्यात दिलेल्या पुष्कळ जमिनी मुरमाड, पाणी न धरणाऱ्या होत्या. हे आम्ही आमच्या मनानं सांगत नाही. प्रकल्पाचे अध्यक्ष राहिलेले शैवालकुमार गुप्त यांनीच पुढे लेख लिहून हे चव्हाट्यावर मांडलं. आणि ती जमीन रिकामी नव्हती. ती आदिवासींची होती, गोंडांची, कोयांची. त्यांना कोणी विचारलं? दोन नागवलेली माणसं एकमेकांसमोर उभी करून दिली आणि अधिकारी जीपमध्ये बसून निघून गेले.

दिलेली जागा सोडून जो निघे, त्याला सरकारी कागदात 'डेझर्टर' लिहीत. हा शब्द फौजेतला आहे, पलटण सोडून पळणाऱ्या शिपायाचा. घटनेच्या १९ व्या कलमात नागरिकाला देशभर फिरण्याचा आणि कुठंही वसण्याचा हक्क आहे. आपल्या भागातला मजूर रोवणी संपली की नागपूरला जाते, सुरतेला जाते, त्याला कोणी पळपुटा म्हणत नाही. छावणीतला शेतकरी नापीक जमीन सोडून निघाला की तो पळपुटा!

आता मरीचझापीचं सांगतो. हे नाव आपल्या प्रत्येक घरी माहीत असायला पाहिजे.

विरोधी पक्षात असताना बंगालातले डावे पक्ष म्हणत होते की निर्वासितांना दंडकारण्यात धाडू नका, बंगालातच वसवा. १९७७ साली ज्योती बसूंचं डाव्या आघाडीचं सरकार आलं. छावण्यांतल्या लोकांना वाटलं, आता आपलं सरकार आलं. १९७८ च्या सुरुवातीला भांडीकुंडी, बैल विकून हजारो कुटुंबं बंगालकडे निघाली, लाखाच्या वर माणसं. पुष्कळांना वाटेतच अडवून, गाड्यांत भरून परत पाठवलं. तरीपण सुमारे ३० हजार लोक सुंदरबनातल्या मरीचझापी नावाच्या बेटावर पोचले. सरकारकडून एक पैसा न घेता त्यांनी तिथं रस्ते केले, बांध घातले, शाळा काढली, दवाखाना काढला, होड्या बांधल्या, मासेमारी सुरू केली. वीस वर्षं ज्यांना बोजा म्हटलं, त्यांनी एका वर्षात गाव उभं करून दाखवलं.

सरकार म्हणालं, हे राखीव जंगल आहे, खाली करा. २४ जानेवारी १९७९ रोजी १४४ कलम लावून पोलिसांच्या लाँचनी बेटाला वेढा घातला. अन्न, औषध, पिण्याचं पाणी, सगळं बंद. सुंदरबनात चोहीकडे पाणी, पण खारं. शेजारच्या कुमिरमारीवरून तांदूळ-पाणी आणायला निघालेल्यांच्या होड्या बुडवल्या. ३१ जानेवारीला गोळीबार झाला. कलकत्ता उच्च न्यायालयानं अन्नपाणी अडवू नका असं बजावलं, तरी हाल थांबले नाहीत. मे महिन्यात, १४ ते १६ तारखेला, पत्रकारांना दूर ठेवून बेट रिकामं करण्यात आलं. झोपड्या जाळल्या आणि उरलेल्यांना पुन्हा गाड्यांत भरून दंडकारण्याकडे परत धाडलं. किती मेले, याचा हिशेब आजपर्यंत लागलेला नाही. सरकारनं बोटावर मोजण्याइतके सांगितले, वाचलेले लोक शेकड्यांनी सांगतात, गोळीनं, बुडून, उपासानं, हगवणीनं.

गिरणीत आम्हीही लाल झेंडा धरला आहे आणि त्या झेंड्यानं मजुरी वाढवून दिली हे विसरणार नाही. पण मरीचझापीबद्दल विचारलं की नेतेमंडळी गप्प बसतात. त्या गप्प बसण्याचं कारण जातीत आहे, असं आमचं मत आहे. ज्यांनी कलकत्त्यात जमिनी धरल्या त्यांना पट्टे मिळाले आणि ज्यांनी बेट धरलं त्यांना वेढा मिळाला. वाघाला जंगल पाहिजे हे आम्हालाही कळते, नागझिरा आपल्या उशाशी आहे. पण वाघासाठी माणसाचं पाणी तोडायचं, हे कोणत्या कायद्यात आहे?

या छावण्यांतूनच मनोरंजन ब्यापारी नावाचा लेखक निघाला. छावणीत बालपण, शाळा नाही, पुढे जेलमध्ये अक्षरओळख झाली, मग कलकत्त्यात सायकलरिक्षा ओढली. रिक्षात बसलेल्या महाश्वेतादेवींना एका शब्दाचा अर्थ विचारला आणि तिथून लिहिता झाला. २०२१ साली बंगालच्या विधानसभेवर निवडूनही गेला. बाईंनो, आपलं पोरगं वह्या फेकून देते तेव्हा या माणसाचं नाव त्याला सांगा.

आता आपल्या दारातलं. बंगालात नमःशूद्र अनुसूचित जातीत आहेत. महाराष्ट्राच्या यादीत ती जातच नाही. म्हणून गोंदिया-गडचिरोलीतल्या बंगाली नमःशूद्राच्या पोराला जातीचा दाखला मिळत नाही. त्याचा चुलतभाऊ बंगालात राहिला तर तो अनुसूचित, हा सरकारच्याच गाडीनं इकडे आला तर कोणीच नाही. आपल्याला हे दुखणं नवीन नाही. १९५६ ला धम्म घेतला आणि केंद्राच्या सवलती थांबल्या, त्या मिळायला १९९० साल उजाडलं. चौतीस वर्षं! ज्यांनी चौतीस वर्षं दाखल्याच्या रांगेत काढली, त्यांना मागच्या रांगेतला माणूस दिसला पाहिजे की नाही?

तिबेटी लोकांबद्दल थोडं बोलतो. हे धम्मबांधव आहेत. थंडीत भंडाऱ्याला, गोंदियाला स्वेटरची दुकानं लावतात, आपण घासाघीस करून घेतो आणि एवढीच ओळख. त्यांना जमीन सरकारनं दिली, शाळा दिली, भारतानं त्यांना पुष्कळ सांभाळलं, हे कबूल. पण त्यांच्याजवळ परदेशी माणसाचं नोंदणी-पुस्तक असते. ते पोलिसांकडून वेळोवेळी नवं करून घ्यायचं, जास्त दिवस वस्तीबाहेर राहायचं तर कळवायचं, देशाबाहेर जायचं तर वेगळं ओळखपत्र. इथंच जन्मलेल्यांचं काय? आपल्या कायद्यानं २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्मानंच नागरिक. तरी तिबेटी पोरांना पासपोर्ट नाकारत होते. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१० साली आणि परत २०१६ साली त्यांच्या बाजूनं निकाल दिला. २०१७ मध्ये पासपोर्ट द्यायचं ठरलं, पण अटी अशा घातल्या की नोंदणी-पुस्तक परत करा, सवलती सोडा आणि तिबेटी वस्तीत राहू नका. म्हणजे नागरिक व्हायचं तर मायबापाचं घर सोडा!

अरुणाचलात चकमा आहेत, तेही बौद्ध. चितगावच्या डोंगरात काप्ताई धरण झालं, त्यांची शेती बुडाली आणि १९६४ पासून ते तिथं वसवले गेले. गोसीखुर्दच्या बुडीत गावांत ज्यांचे सोयरे आहेत, त्यांना धरणाचं वेगळं सांगायला नको. पुढे तिथल्या संघटनांनी त्यांची नाकेबंदी केली, चालते व्हा म्हणून धमक्या दिल्या. तेव्हा जानेवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, माणूस नागरिक असो की नसो, त्याच्या जिवाचं रक्षण राज्यानं केलंच पाहिजे. आपला देश १९५१ च्या निर्वासितांच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झालेला नाही. त्यामुळे बिगर-नागरिक निर्वासिताला आधार उरतो तो घटनेच्या २१ व्या कलमाचा. म्हणजे पुन्हा बाबासाहेबांकडेच यावं लागते.

आता एक अडचणीचं बोलतो. भंतेजींची क्षमा मागून बोलतो. म्यानमार, आपला ब्रह्मदेश, बौद्धांचा देश. १९५४ मध्ये बाबासाहेब रंगूनच्या बौद्ध परिषदेला गेले होते. त्या देशानं १९८२ च्या कायद्यानं रोहिंग्या मुसलमानांचं नागरिकत्व काढून घेतलं. २०१२ च्या दंगलीनंतर लाखाच्या वर रोहिंग्या सित्वे शहराजवळच्या छावण्यांत कोंडले गेले. दवाखान्यात जायचं तरी परवानगी. २०१७ मध्ये फौजेनं गावं जाळली आणि सात लाखांवर माणसं बांगलादेशात पळाली. तिथंही छावणीला काटेरी तारेचं कुंपण. मार्च २०२१ मध्ये आग लागली तेव्हा त्या तारेमुळे माणसांना बाहेर पळणं कठीण झालं. कित्येक माणसं मेली. यात काही चीवरधारी भिक्षूही मुसलमानांविरुद्ध भाषणं करत होते. आपल्यातले काही म्हणतात, ते परधर्मी, आपल्याला काय करायचं? आम्ही विचारतो, मरीचझापीला वेढा घालणारे काय म्हणत होते? आपण सकाळ-संध्याकाळ पंचशील घेतो. पहिल्या शीलात प्राणिमात्र आहे, त्यात धर्माचा रकाना नाही. बौद्धांनी केलं म्हणून आपण झाकून ठेवलं, तर पुणे कराराच्या वेळी आपल्याला उपदेश करणाऱ्यांत आणि आपल्यात फरक काय राहिला?

फार वेळ घेतला. समितीला दोन विनंत्या करून थांबतो. एक, विहाराच्या वाचनालयात जोगेंद्रनाथ मंडलांचा फोटो लावावा. आम्ही शोधून आणतो, फ्रेमचा खर्च मिलमधली मंडळी देते. दुसरी, या वर्षावासात अरुणनगर-गौरनगरच्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला आणि माणसाला इथं बोलवावं. त्यांना माना आठवते, त्यांच्या तोंडून ऐकू. त्यांच्या पोरांच्या दाखल्याचे कागदही सोबत आणायला सांगू, आपल्यात वकिली शिकलेली दोन पोरं आहेत, ती पाहतील. जाण्यायेण्याच्या गाडीचं आम्ही बोलून ठेवलं आहे. तारीख मात्र रोवणी आटोपल्यावरची धरा, त्यांच्याही बांध्यात तेव्हाच पाणी असते.

जयभीम!